अंगातल्या धुक्यात उजेडाला आवाजाचा हात: आईसारख्यांची सुई वाचेल का?

निरंजनी

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आईच्या हाताला स्तनातली गाठ लागली. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली. रिपोर्टात आलं की गाठ बहुधा साधी असावी, पण खात्रीने सांगता येत नाही, तुकडा काढून तपासा. बायॉप्सीचा निकाल हाती यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत आईने माळ्यावरची पितळेची भांडीसुद्धा चिंचेने घासून काढली आणि मी रोज रात्री दीड-दोनपर्यंत वाचत बसायचे. गाठ साधी निघाली, आई ठणठणीत आहे. पण तेव्हा वाचायला घेतलेला विषय डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

सोनोग्राफीला गाठीचा आकार दिसतो, कडा दिसतात. पण गाठीत रक्त किती, त्या रक्तात ऑक्सिजन किती, हे तिला कळत नाही. ते कळतं उजेडाला. कोविडात आपण सगळ्यांनी बोटाला चिमटा लावला, तो ऑक्सिमीटर हेच करतो. ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन प्रकाश बोटातून पाठवतो आणि कुठला किती गिळला गेला ते मोजतो. मग उजेडानेच गाठ का बघत नाहीत?

कारण उजेड आत जातो, पण सरळ जात नाही. मोबाईलचा टॉर्च तळहाताला चिकटवून बघा. हात लालभडक होतो, उजेड पलीकडे येतो, पण हाडाची सावलीसुद्धा दिसत नाही. मांसात प्रकाशाचा कण साधारण दर ०.१ मिलिमीटरला कशावर तरी आपटून किंचित वळतो, आणि एखाद मिलिमीटर गेल्यावर तो मुळात कुठल्या दिशेने निघाला होता हेच पुसलं जातं. सोनोग्राफीची लहर मात्र त्याच मांसातून बरीच सरळ जाते. तिचं विखुरणं प्रकाशाच्या शेकडो पटींनी कमी. म्हणून काही प्रयोगशाळा ह्या दोघांची जोडी जमवताहेत: रंग उजेडाने ओळखायचा, जागा आवाजाने सांगायची.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर, वैद्यकातलं काही कळत नाही. मला दोन गोष्टी हव्या आहेत. आवाज उजेडाला नेमकी मदत कशी करतो, हे माझ्या आईलाही कळेल असं कुणीतरी सांगा. आणि ह्यातलं काय खरोखर दवाखान्यात पोचून तिच्यासारख्यांची सुई वाचवेल?

घाटवाट

जुलैत आंबेनळी घाट उतरताना धुक्यात हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवा जितका मोठा तितकी भिंत जाड. पण समोरच्या एसटीचा हॉर्न कुठल्या वळणावरून येतोय ते बरोबर कळतं. तुमचा प्रश्न वाचून पहिलं हेच आठवलं.

अनामिका७

आईंना नमस्कार सांगा. माझीही आई काळजीत पडली की भांडीच घासते.

सोनोवाला_डॉक्टर

१८ वर्षं कोल्हापुरात रेडिओलॉजी करतोय. निरंजनीताई, आधी एक दुरुस्ती. डॉप्लर लावला की सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसतो, त्यामुळे 'रक्त कळत नाही' हे पूर्ण खरं नाही. ऑक्सिजन कळत नाही आणि अगदी बारीक नव्या वाहिन्या सुटतात, हे मान्य.

आता सुईबद्दल. आम्ही स्तनाच्या तपासणीला बायरॅड्स नावाची श्रेणी देतो. ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ५ म्हणजे ९५ टक्क्यांच्या वर. मधला ४ मात्र २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत पसरलेला आहे, त्याचेही पोटभाग आहेत. आईंची गाठ बहुधा ह्या चारातच पडली असणार. इथे सुई घालणं ही शिक्षा समजू नका, बाईच्या जिवाची ती काळजी आहे. ती वाचवायची म्हणणाऱ्या प्रत्येक यंत्राला मी एकच प्रश्न विचारतो: तू किती कर्करोग सोडलेस?

निरंजनी

डॉक्टर, दुरुस्ती मान्य. ४ च होता, त्यातला 'अ', म्हणजे सगळ्यात कमी संशयाचा. सुईबद्दल राग अजिबात नाही. नऊ दिवसांबद्दल आहे.

प्रकाशवेडी

ह्याच विषयात पाच वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. आईंना कळेल असं सांगायचं तर वारीने सांगते.

आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं शिरलीत. तुम्ही पुलावर उभ्या आहात, बाहेर पडणारा प्रत्येक माणूस मोजताय. कोण कुठल्या गल्लीतून फिरून आला हे तोंडावरून कळत नाही. ऊतीतून बाहेर आलेल्या प्रकाशाची हीच गत आहे. तो येतो भरपूर, पण त्याचा प्रवास कळत नाही. आता एका बोळाच्या तोंडाशी आपला माणूस उभा करा आणि त्याला सांगा, इथून जाईल त्याच्या कपाळाला बुक्का लाव. पुलावर तुम्ही फक्त बुक्केवाले मोजायचे. आकडा मोठा आला तर तो बोळ मोकळा. आकडा घसरला तर त्या बोळात काहीतरी माणसं अडवतंय. मग माणसाला पुढच्या बोळात पाठवा, पुन्हा मोजा. असं करत करत पुलावरून न हलता अख्ख्या गावाचा नकाशा होतो.

बुक्का लावणारा माणूस म्हणजे एका बिंदूवर एकवटलेली अल्ट्रासाऊंडची लहर. ती त्या जागेतल्या कणांना काही नॅनोमीटर मागेपुढे हलवते, तिथला अपवर्तनांकही (प्रकाश किती वळेल हे ठरवणारा आकडा) क्षणोक्षणी बदलते, आणि तिथून जाणाऱ्या प्रकाशाची वारंवारता आवाजाच्या वारंवारतेइतकी सरकते. हिरव्या लेझरची वारंवारता आणि ३ मेगाहर्ट्झचा आवाज घेतला, तर हा फरक साधारण १९ कोटींत १ इतका असतो. एवढा बारीक बुक्का ओळखायचा! आणि बुक्केवाले असतात फार थोडे, बिनबुक्क्याच्या महापुरात बुडालेले. माझी पाच वर्षं ह्या मोजणीतच गेली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर लिहाँग वांग, तसंच लॉइट्झ आणि मारे, अशा मंडळींनी विखुरणाऱ्या द्रवात हे करून दाखवलं. ह्याला अल्ट्रासाऊंड-मॉड्युलेटेड ऑप्टिकल टोमोग्राफी म्हणतात.

खरी कमाल २०११ ची. तेव्हा वांग सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात होते. त्यांच्या गटाने विचार केला, बुक्केवाले नुसते मोजायचे कशाला? त्यांना आल्या पावली परत पाठवू. प्रत्येक जण आपल्याच पावलांवर पाऊल ठेवत उलटा गेला, तर सगळे पुन्हा त्याच बोळाच्या तोंडाशी जमतील. प्रकाशाला असं उलटं धाडता येतं. एका खास स्फटिकात फक्त बुक्केवाल्या प्रकाशाचा होलोग्राम टिपायचा आणि तो उलट्या बाजूने वाचायचा. विखुरलेला प्रकाश पुन्हा विखुरत विखुरत जातो आणि आत, आवाज जिथे एकवटला होता तिथेच, गोळा होतो. पद्धतीचं नाव 'ट्रू'. पहिल्यांदा हा पेपर वाचला त्या रात्री मला झोप लागली नव्हती. धुक्याच्या आत भिंग ठेवल्यासारखं आहे हे, आणि भिंग आवाजाचं.

घाटवाट

बुक्का!! प्रकाशवेडी, आता हे विसरणार नाही.

शब्दखूळ

'अल्ट्रासाऊंड'ला आपल्याकडे श्राव्यातीत ध्वनी असा छान शब्द आहे, शाळेच्या पुस्तकातही आहे. तो वापरावा ही विनंती. आणि 'स्कॅटरिंग'ला विकिरण.

सोनोवाला_डॉक्टर

शब्दखूळ, शब्द सुंदर आहे. पण पेशंटला "श्राव्यातीत करून घ्या" म्हटलं तर ती बिचारी कानाच्या डॉक्टरकडे जाईल.

शब्दखूळ

हाहा, मान्य. दवाखान्यात सोनोग्राफी, लेखात श्राव्यातीत. निदान विकिरण आणि अपस्करण ह्यांची गल्लत तरी करू नका. इंद्रधनुष्यातले रंग वेगळे होतात ते अपस्करण, आभाळ निळं दिसतं ते विकिरण.

मालवणी_मिरची

ह्या बुक्क्याचा समाजला. पण माका एक सांगा, बोळ केवढो बारीक असता? गाठ जर वाटाण्याएवढीच असली तर?

प्रकाशवेडी

@मालवणी_मिरची, फार नेमका प्रश्न. बोळाची रुंदी आवाजाच्या तरंगलांबीवर ठरते. मऊ ऊतीत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. ५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी येते ०.३ मिलिमीटर, ५० मेगाहर्ट्झला ०.०३. मग ५० च का वापरू नये? कारण वारंवारता वाढली की आवाज लवकर दमतो. मऊ ऊतीत साधारण दर सेंटीमीटरला दर मेगाहर्ट्झमागे अर्धा डेसिबल असा हिशेब धरतात. ५ मेगाहर्ट्झची लहर काही सेंटीमीटर सहज जाते, ५० ची काही मिलिमीटरांतच संपते. त्यामुळे खोल बघायचं तर बोळ रुंद, बारीक बघायचं तर उथळ. तरी वाटाण्याएवढी गाठ म्हणजे ह्या हिशेबात मोठा वाडाच झाला.

पाटीलसर_निवृत्त

मंडळी, मी खानदेशातल्या एका महाविद्यालयात ३१ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. हा धागा वाचून राहवलं नाही.

आवाज प्रकाशाला वळवतो ह्या कल्पनेत आपल्या घरच्यांचाही मोठा वाटा आहे. ब्रिलुआँ यांनी १९२२ मध्ये तसं भाकीत केलं होतं. १९३२ मध्ये अमेरिकेत डिबाय आणि सिअर्स यांनी, आणि फ्रान्समध्ये ल्यूका आणि बिकार यांनी प्रत्यक्ष दाखवलं की द्रवात श्राव्यातीत लहरी सोडल्या की तो द्रव जाळीसारखं काम करतो आणि प्रकाशाच्या एका रेषेच्या दोन्ही बाजूंना अनेक रेषा उमटतात. पण इतक्या रेषा का उमटतात आणि त्यांची तीव्रता अशी का बदलते, ह्याचा नीट उलगडा सर सी. व्ही. रामन आणि त्यांचे तरुण सहकारी नागेंद्र नाथ यांनी बंगळूरुत केला. १९३५ आणि १९३६ मध्ये इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या कामकाज-पत्रिकेत त्यांचे लेख ओळीने आले. आजही जगभर ह्याला रामन-नाथ विवर्तन म्हणतात. रामन म्हटलं की आपण १९२८ चा रामन परिणाम आणि १९३० चं नोबेल एवढंच सांगतो. हे दुसरं काम तेवढ्याच ताकदीचं आहे आणि मुलांपर्यंत पोचत नाही, ह्याचं मला आयुष्यभर वाईट वाटत आलं.

आणि हा प्रयोग अनेकांनी हातानेही केला असेल. एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला काचेच्या टाकीत केरोसीन किंवा पाणी, वर क्वार्ट्झचा स्फटिक, एका बाजूला सोडियमचा दिवा, दुसऱ्या बाजूला दुर्बीण. ऑसिलेटरची घुंडी फिरवत गेलं की एका जागी अचानक पिवळ्या रेषेच्या आजूबाजूला रेषा फुटतात. २ मेगाहर्ट्झला पाण्यात आवाजाची लांबी पाऊण मिलिमीटर, म्हणून पहिली रेषा जेमतेम पावणेतीन कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) येते. इतका छोटा कोन वाचताना मुलं रडकुंडीला यायची. पण रेषा फुटल्या की वर्गात जो आवाज व्हायचा, तो अजून कानात आहे.

भोसरीचा_भाऊ

सर, मी बारावीनंतर आयटीआय केला, हे प्रॅक्टिकल नशिबात नव्हतं. पण गेली १४ वर्षं वेल्डिंगची अल्ट्रासॉनिक टेस्टिंग करतोय. आमचा प्रोब २ किंवा ४ मेगाहर्ट्झचा. पोलादात आवाज सेकंदाला ५९०० मीटरच्या आसपास जातो, वेल्डमधली फट लगेच प्रतिध्वनी देते. प्रोब आणि लोखंडामध्ये आम्ही ग्रीस किंवा पेस्ट लावतो, कारण मध्ये हवा राहिली की काहीच आत जात नाही. डॉक्टर जे थंडगार जेल पोटाला लावतात ते त्यासाठीच ना?

सोनोवाला_डॉक्टर

अगदी त्यासाठीच, भाऊ. कातडी आणि प्रोबमध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच परततो. आणि जेल थंड असतं ही तक्रार मी रोज ऐकतो. आमच्याकडे हिवाळ्यात बाटली कोमट पाण्यात ठेवतात.

निरंजनी

सर, रामन-नाथ नुसतं अभ्यासक्रमात वाचलं होतं. ते आईच्या गाठीपर्यंत येतं हे आज कळलं. धन्यवाद.

पेठेतला_पुणेकर

प्रकाशवेडीताई, एक शंका. वारीत माणसं आल्या पावली परत पाठवायची, पण तोपर्यंत रस्ते बदलले तर? पोलिसांनी दोर बांधला, गाडा आडवा आला, मग?

प्रकाशवेडी

तुम्ही ह्या विषयाच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. २०११ चा प्रयोग जिवंत ऊतीत नव्हता, ऊतीसारख्या वागणाऱ्या पदार्थात होता. जिवंत शरीरात रक्त वाहतं, हृदय धडधडतं, पेशी हलतात. प्रकाशाच्या वाटेतला अडथळा न् अडथळा काही मिलिसेकंदांत जागा सोडतो. म्हणजे बुक्का लावणं, प्रवास नोंदवणं आणि परत धाडणं, सगळं तेवढ्यात उरकायला हवं.

२०१२ मध्ये कॅलटेकच्या चांगह्युई यांग यांच्या गटाने स्फटिकाऐवजी कॅमेरा आणि प्रकाश घडवणारा संगणकी पडदा वापरला आणि मृत ऊतीत अडीच मिलिमीटर आतल्या चमकणाऱ्या वस्तूंची चित्रं काढली. त्याच वर्षी व्हर्जिनियातल्या जनेलिया संस्थेतूनही तसंच काम आलं. २०१३ मध्ये यांग यांच्याच गटाने गणिताची एक युक्ती लढवून आवाजाच्या ठिपक्यापेक्षाही बारीक, सुमारे ५ मायक्रोमीटरपर्यंत मजल मारली. पण कॅमेरा हळू. उलट स्फटिक वेगवान, तर त्यात प्रकाश कमी. वांग यांच्या गटाने २०१५ मध्ये ही साखळी काही मिलिसेकंदांत आणून जिवंत उंदराच्या कानाआड प्रकाश गोळा करून दाखवला. उंदराचा कान! तुमच्या-माझ्या छातीपर्यंतचं अंतर अजून खूप आहे, आणि हे मी निराश होऊन लिहीत नाही. लढाई अंतराशी आहे असं सगळ्यांना वाटतं. माझा अनुभव सांगतो की ती वेळेशी आहे.

दुधावरची_साय

कालच मुलांबरोबर करून बघितलं. काचेच्या पेल्यात पाणी, पलीकडे पेन्सिल. दुधाचा एक-एक थेंब टाकत गेलो. आधी पेन्सिलीच्या कडा मऊ झाल्या, मग ती नुसती राखाडी पट्टी झाली, मग गायब. पण मागून टॉर्च मारला तर पेला उजळतोच! थोरली म्हणाली, "बाबा, उजेड आहे पण पेन्सिल हरवली." निरंजनीताईंचा सगळा प्रश्न तिने एका वाक्यात सांगितला.

प्रकाशवेडी

@दुधावरची_साय, लेकीला शाबासकी द्या. प्रयोगशाळेत आम्हीही हेच करतो. दुधासारखं दिसणारं इंट्रालिपिड, थोडी काळी शाई, आणि घट्ट करायला अगार, म्हणजे आपलं चायना ग्रास. बंगळूरुच्या आयआयएस्सीत प्रा. आर. एम. वासू आणि सहकाऱ्यांनी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा ऊतीसारखा लवचीक पदार्थ बनवून प्रकाश आणि अल्ट्रासाऊंड ह्यांच्या जोडीवर बरंच काम केलं आहे. हा विषय नुसता परदेशातला नाही.

सोनोवाला_डॉक्टर

सगळं वाचतोय, मजा येतेय. पण मूळ प्रश्न दवाखान्याचा आहे आणि अजून कुणी त्या सोप्या वाटेचं नाव घेतलं नाही. प्रकाश आत पाठवा आणि आवाज बाहेर ऐका! फोटोअकूस्टिक. लेझरचा अतिशय छोटा झोत मांसात शिरतो, रक्तातलं हिमोग्लोबिन तो गिळतं, किंचित तापतं, फुगतं आणि आवाज करतं. फुटाणा कढईत उडावा तसं. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी हा परिणाम १८८० मध्येच पाहिला होता. ह्यात माझा सोनोग्राफीचा प्रोबच कान बनतो, बुक्का नाही, होलोग्राम नाही, मिलिसेकंदांची शर्यत नाही. अमेरिकेच्या एफडीए ह्या औषध-नियामक संस्थेने स्तनासाठी असं एक यंत्र, इमॅजिओ नावाचं, जानेवारी २०२१ मध्ये मंजूर केलं. दोन रंगांचा लेझर आणि सोनोग्राफी एकाच हातात. गाठ साधी की वाईट हे ठरवायला डॉक्टरला मदत, हाच त्याचा उद्देश.

प्रकाशवेडी

डॉक्टर, ह्या वाटेचा मला आदरच आहे. एक सहस्रांश अंशाने तापमान वाढलं तरी सुमारे ८०० पास्कल दाब उठतो आणि तो बाहेर ऐकू येतो, ही निसर्गाची मेहेरबानी आहे. पण दोन गोष्टी. एक, तिथे प्रकाश आत एकवटत नाही, पसरूनच जातो. जागा कळते ती आवाज परत येतो म्हणून. दोन, जे प्रकाश गिळतं तेच ऐकू येतं. प्रकाश गिळून पुन्हा प्रकाशच सोडणारी चमकती खूण, किंवा आत नेमक्या जागी प्रकाश देऊन औषध जागं करणं, ही कामं तिच्या हातची नाहीत. त्यासाठी उजेड आत गोळाच करावा लागतो. म्हणून बुक्केवाली वाट सोडायची नाही.

सोनोवाला_डॉक्टर

सोडा असं कुठे म्हणतोय? दवाखान्यात आधी कोण येणार, एवढाच माझा मुद्दा.

पिट्सबर्गची_सून

आमच्या गावचं एक काम सांगू का? कार्नेगी मेलनमधल्या मायसम चमनझार यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की अंगठीसारख्या ट्रान्सड्यूसरने (आवाज सोडणाऱ्या यंत्राने) मध्यभागी दाब असा घडवता येतो की तिथला अपवर्तनांक बदलतो आणि प्रकाश तिथेच बांधला जातो, जणू न खुपसलेला ऑप्टिकल फायबर. मेंदूत खरी तार घालायची म्हणजे वाटेतल्या पेशी मरतात. इथे तार आवाजाची, आवाज बंद केला की तार नाहीशी.

घाटवाट

म्हणजे धुक्यातच आवाजाने बोगदा खणायचा! अशा अजून किती युक्त्या आहेत?

प्रकाशवेडी

अजून एक, आणि ती ऐकायला सगळ्यात उलटी वाटते. दक्षिण कोरियातल्या डीजीआयएसटी संस्थेच्या गटाने २०२२ मध्ये अल्ट्रासाऊंडने ऊतीत सूक्ष्म वायूचे बुडबुडे दाटीने तयार केले. बुडबुडे म्हणजे प्रकाश अजून विखुरणार असं वाटेल. पण दाटीने असले तर प्रकाश त्यांच्यातून जवळजवळ पुढच्याच दिशेने जातो, फारसा भरकटत नाही. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाची नजर आणखी खोल जाते. आवाज थांबला की बुडबुडे विरतात.

सोनोवाला_डॉक्टर

इथे मात्र मी हात वर करतो. बुडबुडे म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. निदानाच्या यंत्रांना यांत्रिक निर्देशांकाची (आवाजाच्या दाबाने इजा होण्याचा धोका सांगणारा आकडा) १.९ ही मर्यादा आहे, ती मुळात बुडबुडे फुटून ऊतीला इजा होऊ नये म्हणूनच. उंदरावर ठीक. माझ्या पेशंटवर आणण्याआधी फार फार पुरावा लागेल.

प्रकाशवेडी

पूर्ण सहमत.

आजोबा_सातारकर

नात सातव्या महिन्यात जन्मली. टाळू भरलेली नसते, तिथे प्रोब ठेवून डॉक्टरांनी डोक्याची सोनोग्राफी केली होती. कवटीचं हाड मोठ्यांत आवाज अडवतं, बाळाला मात्र तेवढी खिडकी असते असं त्यांनी समजावलं. त्याच खिडकीतून उजेडही पाठवता येत असेल तर बाळाच्या मेंदूला ऑक्सिजन किती पोचतो तेही कळेल ना? आमचे ते दहा दिवस फार वाईट गेले. (नात आता पहिलीत आहे.)

सोनोवाला_डॉक्टर

आजोबा, तुमच्या तोंडात साखर पडो. टाळूच्या खिडकीतून फोटोअकूस्टिक बघण्याचे प्रयत्न संशोधकांनी सुरू केलेले आहेत. हाड नाही, डोकं लहान, दोन्ही गोष्टी मदतीच्या.

सावळी_सिस्टर

मी कोविडच्या वॉर्डात होते, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रकाशावर चालणारं कुठलंही यंत्र कातडीला रंग देणाऱ्या मेलॅनिनमधून जातं, आणि मेलॅनिन प्रकाश गिळतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा एक अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत होता पण रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी होता, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडलं होतं. तेव्हा मला आमच्या वॉर्डातले चेहरे आठवले. उद्या गाठीत ऑक्सिजन किती हे यंत्र सांगणार असेल, तर ते कुणाच्या कातडीवर तपासलंय हे आधी विचारा. आमच्या आदिवासी पट्ट्यातल्या बायांच्या कातडीवर तपासा, मग इथे आणा.

निरंजनी

सिस्टर, हा प्रतिसाद मी कागदावर उतरवून ठेवला. माझ्या यादीत हा प्रश्नच नव्हता.

प्रकाशवेडी

सिस्टर बरोबर आहेत. कातडीपाशीच प्रकाश गिळला गेला की दोन त्रास होतात. आत कमी पोचतो, आणि फोटोअकूस्टिकमध्ये कातडीचाच आवाज मोठा येतो. लेझर वाढवून भागत नाही. कातडीसाठी दृश्य प्रकाशाच्या एका झोताला दर चौरस सेंटीमीटर २० मिलिज्यूल ही सुरक्षित मर्यादा मानतात.

भोसरीचा_भाऊ

विषयांतर होतंय, पण विचारतो. आपल्याकडे सोनोग्राफी मशीन घ्यायला गर्भलिंग कायद्याची नोंदणी लागते. मग कॉलेजातल्या पोरांनी असला प्रयोग करायचा कसा?

सोनोवाला_डॉक्टर

कायदा हवाच, भाऊ. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्या महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ चा त्यानंतरचा. नोंदणी नसलेल्या ठिकाणी यंत्र विकता येत नाही आणि ते योग्यच आहे. मी हे फॉर्म रोज भरतो, कंटाळा येतो, तरी म्हणतो. कॉलेजने आधी जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्यांना लेखी विचारावं.

पाटीलसर_निवृत्त

आणि रामन-नाथसाठी चित्र काढणारं यंत्र लागतच नाही. सुटा स्फटिक आणि ऑसिलेटर पुरतो.

निरंजनी

सगळं दोनदा वाचलं आणि आज आईला वाचून दाखवलं. बुक्क्याशी ती थांबली, म्हणाली, "म्हणजे गाठीपाशी आपला माणूस उभा करायचा." मग दोन मिनिटं गप्प बसून विचारलं, "आणि तो माणूस मला टोचत नाही ना?"

माझ्या प्रश्नाचं मला मिळालेलं उत्तर लिहिते, चुकलं तर सांगा. सुई वाचवायची तर आधी फोटोअकूस्टिकच येईल, कारण त्याला वेळेशी भांडावं लागत नाही आणि डॉक्टरांच्या हातातला प्रोब तोच राहतो. ते ४ 'अ' सारख्या गाठींना खाली ३ मध्ये ढकलायला मदत करेल. पाचातल्या गाठीला सुई लागेलच आणि लागायलाच हवी. पण इथे येण्याआधी सिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे असलं पाहिजे. बुक्केवाली वाट लांबची आहे. ती पोचली तर नुसतं दाखवणार नाही, आत जाऊन कामही करेल.

सोनोवाला_डॉक्टर

चुकलं नाही. फक्त 'ढकलायला' नको, 'उतरवायला' म्हणा. ढकललेली गाठ मला रात्री झोपू देणार नाही.

प्रकाशवेडी

मला शेवटचं वाक्य फार आवडलं, निरंजनी. आणि आईंना सांगा, तो माणूस टोचत नाही, नुसता थरथरवतो. तेही त्यांना कळणार नाही इतकं हळू.

कृतिका_बीएस्सी

मी तिसऱ्या वर्षाला आहे, गेले चार दिवस नुसती वाचतेय. पाटील सर, आमच्या कॉलेजात अल्ट्रासॉनिकचा संच आहे पण गेली काही वर्षं कपाटात आहे. केरोसीनऐवजी पाणी घेतलं तर रेषा दिसतील का? आणि पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकले तर त्या कितपत टिकतील, हे मला बघायचंय.

पाटीलसर_निवृत्त

कृतिका बेटा, पाण्यातही दिसतील, पण पाणी उकळून गार करून घे, नाहीतर स्फटिकाला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि रेषा येत-जात राहतात. आधी बिनदुधाच्या रेषा नीट बसव, दुर्बीण हलवू नकोस, मगच थेंब टाक. प्रत्येक थेंबानंतर किती रेषा मोजता येतात ते लिही. स्फटिकाच्या पृष्ठभागाला बोट लावू नकोस. खोलीत काळोख हवा, म्हणून संध्याकाळी लाव. आणि सोडियमचा दिवा पूर्ण पिवळा व्हायला दहा मिनिटं लागतात, तोवर काही दिसलं नाही म्हणून घुंडी फिरवत बसू नकोस. आकडे इथे टाक, मी वाट बघतो.